वऱ्हाडची वाकळ

वऱ्हाड म्हटले, की काळी कसदार जमीन, बोंडांतून डोकावणारा पांढराशुभ्र कापूस आणि अंग भाजून काढणारा वैशाखातील उन्हाळा एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पौष महिन्यातील एखादी रात्र ज्यांनी दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडील खेड्यात काढली असेल, त्यांना तेथील थंडीही चांगलीच ठाऊक असते. दिवस मावळला, की पूर्णेच्या खोऱ्यातील उघड्या शेतांवरून गार वारा सुटतो आणि पहाटेपर्यंत तो थांबत नाही. शेतात जागलीला गेलेला शेतकरी काय, किंवा घरात आजीजवळ निजलेली नातवंडे काय, या सर्वांना अशा रात्री पिढ्यान्‌पिढ्या एकाच वस्तूचा आधार होता. ती वस्तू म्हणजे वाकळ.

जुन्या कापडांचे थर एकावर एक घालून ते हाताच्या टाक्यांनी एकत्र शिवले, की वाकळ तयार होते. महाराष्ट्रात इतरत्र तिला गोधडी म्हणतात. वऱ्हाडातही ते नाव आहेच. वाकळ म्हणताना मात्र अधिक जाड, अधिक भरड आणि अंथरायला व पांघरायला सारखीच उपयोगी पडणारी गोधडी मनात असते. तान्ह्या बाळासाठी केलेले लहानसे दुपटे हे तिचेच धाकटे भावंड. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ या अक्षराचा उच्चार ‘य’ असा होतो. डोळ्याला डोया आणि काळ्याला काया म्हणतात, त्याचप्रमाणे वाकळेचीही ‘वाकय’ होते.

येथे चौकस मुलांच्या मनात एक प्रश्न येईल. वऱ्हाड हा तर कापसाचा मुलूख. मग तेथील लोकांनी कापूस भरलेल्या रजया करण्याऐवजी जुनी लुगडी आणि धोतरे का शिवीत बसावे? याचे उत्तर साधे आहे आणि काहीसे कठोरही आहे. कापूस हे विकण्याचे पीक होते. सारा भरण्यासाठी, सावकाराचे देणे फेडण्यासाठी, लग्नकार्यासाठी लागणारा पैसा त्यातूनच उभा राही. घरचा कापूस गाडीत भरून बाजाराला जाई आणि घरात उरत ती अंगावर वापरून विरलेली वस्त्रे. ज्याने कापूस पिकविला त्याने चिंध्या पांघरावयाच्या, असा तो व्यवहार होता. परंतु त्या चिंध्यांतून घरातील स्त्रियांनी जी वस्तू निर्माण केली, ती उबेच्या बाबतीत रजईला हार जाणारी नव्हती.

ती कशी तयार होते हे आता नीट पाहू. प्रथम कापड निवडावयाचे. नेसून, धुऊन, वाळवून मऊ झालेले सुती लुगडे याला सर्वांत अधिक मान. कोऱ्या कापडात खळ असते आणि सुताला ताठरपणा असतो. वर्षानुवर्षे धुण्याने खळ निघून जाते, सुताची टोके किंचित मोकळी होतात आणि कापडावर बारीक लव येते. ही लव हवा धरून ठेवते. थरांच्या मधली स्थिर हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच एका जाड कापडापेक्षा पाच पातळ थर अधिक ऊब देतात.

नऊवारी लुगड्याची लांबी ९ वार, म्हणजे सुमारे ८ मीटर. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या, की प्रत्येक घडी २ मीटरांहून थोडी अधिक भरते. एका माणसाच्या अंथरुणाला हे माप अगदी बेताचे होते. याचा अर्थ असा, की एकाच लुगड्यातून चार थर मिळतात आणि कात्री लावावी लागत नाही. नऊवारी लुगडे आणि वाकळ यांचे माप इतके जुळावे, हा मला तरी मोठा गंमतीचा योग वाटतो.

कापडे धुऊन वाळली, की शिवणी उसवतात, गुंड्या व बंद काढून टाकतात. अंगणात किंवा ओसरीवर सारवलेल्या जमिनीवर तळाचे कापड ताणून पसरतात व त्याच्या चारी कोपऱ्यांवर वजने ठेवतात. तळाला मजबूत कापड हवे. त्यावर धोतराचे पान, फाटक्या सदऱ्याची पाठ, लहान मुलांचे आखूड झालेले कपडे, परकराचा घेर असे जे असेल ते मांडीत जातात. येथे खरे कौशल्य लागते. जे अगदी विरले आहे ते मध्ये घालावयाचे आणि जे अजून धड आहे ते बाहेर ठेवावयाचे. दोन तुकड्यांचे काठ एकमेकांवर चढले तर तेथे गाठीसारखा उंचवटा होतो व तो रात्रभर पाठीला टोचतो. काठांमध्ये फट राहिली तर तेथून थंडी शिरते. म्हणून काठाला काठ भिडवून, हाताचा पंजा फिरवून पुनःपुन्हा चाचपून पाहतात. सर्वांत वर चांगल्या रंगाचे लुगडे येते. त्याचा काठ वाकळेच्या कडेला आला, तर निराळी पट्टी लावण्याचे कारण उरत नाही.

मग सर्व थर हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालतात आणि खऱ्या शिवणकामास आरंभ होतो. टाका अगदी साधा, धावदोऱ्याचा. सुई खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. कडेने एक फेरा पूर्ण झाला, की बोटभर आत सरकून दुसरा फेरा. असे चौकोनात चौकोन लहान होत होत मध्याशी येऊन संपतात. काही घरी आडव्या सरळ ओळी घालण्याची रीत आहे. फेऱ्यांची शिवण असो वा ओळींची, एक नियम दोहोंना लागू असतो. दोरा फार ओढला तर कापड चुणते आणि सैल सोडला तर बोटे अडकून टाका तुटतो.

गणिताची आवड असलेल्या मुलांनी एक हिशेब करून पाहावा. वाकळ २ मीटर लांब व १.२ मीटर रुंद आहे आणि दोन फेऱ्यांमध्ये २ सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. तर शिवणीची एकूण लांबी सुमारे १२० मीटर भरते. दर सेंटिमीटरला एक टाका धरला, तर १२,००० टाके झाले! हे सारे टाके शेतातले काम, दळणकांडण आणि स्वयंपाक आटोपून उरलेल्या दुपारीं घातलेले असत. शेजारणी दोन्ही बाजूंनी शिवावयास बसल्या, तर काम लवकर उरके. एकटीने शिवावयाची झाल्यास कित्येक आठवडे लागत. ज्या घरी शिवणारे कोणी नसे तेथे हाच धंदा करणाऱ्या बाया येऊन मजुरीवर गोधड्या शिवून देत. आजही काही गावांत त्या येतात.

आतापर्यंत आपण वाकळेकडे पांघरूण म्हणून पाहिले. परंतु तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. जुन्या वाकळेत ज्या घरची वस्त्रे शिवलेली असतात, त्या घराचा आणि त्या काळाचा इतिहासही तिच्यात शिवला जातो. पुस्तकात राजांच्या लढाया सापडतात. सामान्य शेतकऱ्याची बायको काय नेसत होती, ते कापड कोठून येत होते आणि त्याला रंग कसला होता, हे मात्र अशा वाकळेतच सापडण्याचा संभव अधिक.

समजा, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची एखादी वाकळ आपल्यासमोर पसरली आहे आणि तिचे थर कडेला उसवलेले आहेत. सर्वांत आत एक भरड तांबडे कापड दिसते. पूर्वी अशा तांबड्या कापडाला खारवा म्हणत. हा तांबडा रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढीत. या झाडाला बारतोंडी असेही नाव आहे. विदर्भात आणि त्याच्या उत्तरेकडील मुलखात रंगासाठी आलीची शेती होत असे. झाड दोन-तीन वर्षांचे झाले, की मुळे खणून काढावयाची, कुटावयाची आणि तुरटी दिलेले कापड त्यात उकळावयाचे. रंग असा पक्का बसे, की कापड फाटे पण रंग जात नसे. पुढे १८६८ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तांबडा रंग कारखान्यात तयार करण्याची कृती शोधून काढली. तो रंग स्वस्त होता व झटपट तयार होई. आलीची शेती हळूहळू बंद पडली आणि त्याबरोबर कित्येक रंगाऱ्यांचा धंदाही बसला. निळीचेही तसेच झाले. १८९७ पासून कारखान्यातील नीळ बाजारात येऊ लागली.

दुसरा थर पातळ, गुळगुळीत, फुलाफुलांच्या नक्षीचा आहे. सर्व फुले हुबेहूब एकसारखी. हाताने ठसे उठविलेल्या कापडावर दोन ठशांच्या सांध्याशी नक्षी किंचित मागेपुढे होतेच. ज्याअर्थी येथे ती कोठेही सरकलेली नाही, त्याअर्थी हे यंत्राच्या रुळावर छापलेले कापड आहे आणि ते बहुधा विलायतेहून आलेले असावे. ते वऱ्हाडातील खेड्यात कसे आले? यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद पडला. मँचेस्टरच्या गिरण्या थांबण्याची वेळ आली. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. अमरावतीचे त्या वेळचे नाव उमरावती. त्यावरून येथील कापसाला विलायतेच्या बाजारात ‘ऊमरा’ असे नाव पडले होते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी निराळा फाटा काढण्यात आला व तो १८७० मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. आगगाडीच्या डब्यांतून कापसाचे गठ्ठे गेले आणि त्याच वाटेने विलायती कापडाचे तागे परत आले. आपल्याच शेतातला कापूस समुद्रापार जाऊन, सूत होऊन, कापड होऊन, फुले छापून घेऊन पुन्हा आपल्या घरी येई आणि त्या सर्व प्रवासाचे पैसे मात्र शेतकऱ्याच्या खिशातून जात. गावच्या विणकराचा माग यापुढे टिकाव धरू शकला नाही. वाकळेतील भरड खारवा आणि त्यावरची ही गुळगुळीत फुले यांमध्ये एका टाक्याचे अंतर आहे, परंतु त्या एका टाक्यात एवढी मोठी उलथापालथ सामावलेली आहे.

तिसरा थर पुन्हा जाडाभरडा, पांढरा. सुताची जाडी जागोजागी कमीअधिक. हे हातसुताचे कापड. १९२० नंतरच्या काळात खादीचा प्रसार झाला आणि विदर्भातील पुष्कळ घरांत चरखे फिरू लागले, त्या काळची ही खूण असू शकेल. ‘असू शकेल’ असेच म्हटले पाहिजे. कापड पाहून अंदाज बांधता येतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींनी त्या अंदाजाला पुष्टी मिळाली, तरच तो पक्का मानावा.

कधी कधी जुन्या छापील तुकड्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळते. तांबडी फुले शाबूत असतात, परंतु त्यांच्या भोवतीच्या काळ्या रेषांच्या जागी नेमकी भोके पडलेली असतात. जणू कोणी बारीक कात्रीने रेषा तेवढ्या कापून नेल्या आहेत. हे काम कसरीचे किंवा उंदरांचे नव्हे. काळा रंग साधण्यासाठी पूर्वी लोखंडाचा कीस गुळाच्या पाण्यात आंबवून त्याचा उपयोग करीत. ते लोह वर्षानुवर्षे सुताला आतून खात राहते आणि अखेरीस कापड रंगाच्या आकारातच गळून पडते. तपकिरी रंगांच्या काही जुन्या चिटांतही हाच दोष दिसतो.

चिंध्या या शब्दाबरोबर वऱ्हाडातील माणसाला आणखी एका थोर पुरुषाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील लवकर वारल्यामुळे ते मूर्तिजापूरजवळील दापुरे या गावी मामाच्या घरी वाढले. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि उरलेले सर्व आयुष्य लोकांची सेवा करण्यात घालविले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात काठी आणि मातीचे गाडगे असा त्यांचा वेष असे. गाडग्यावरून लोक त्यांना गाडगे महाराज म्हणू लागले, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु अंगावरच्या त्या वस्त्रावरून त्यांना गोधडे महाराज आणि चिंधेबुवा अशीही नावे पडली होती. गावात शिरताच ते हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांना शिक्षणाचे व स्वच्छतेचे महत्त्व पटवीत. लोकांनी दिलेल्या लाखो रुपयांतून पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांचे स्वतःचे वस्त्र मात्र चिंध्यांचेच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वाटेत वलगावजवळ त्यांचे निधन झाले.

परिटाच्या घरात जन्मलेल्या मुलाला कापडाचे बारसे आणि कापडाचे म्हातारपण दोन्ही जवळून दिसतात. जे वस्त्र लोक टाकून देण्याजोगे समजतात त्यात अजून किती दिवस उरले आहेत, हे त्यांना शिकवावे लागले नसेल.

जुन्या वस्त्रांना दुसरा जन्म देण्याची ही कला एकट्या वऱ्हाडची नाही. बंगालमधील कांथा तर जगप्रसिद्ध आहे. जुन्या साड्यांच्या थरांवर रंगीत दोऱ्यांनी माणसे, हत्ती, कमळे, आगगाड्यासुद्धा भरलेल्या कांथा गुरुसदय दत्त यांनी खेडोपाडी हिंडून जमविल्या. कांथा हा शब्द संस्कृत ‘कन्था’ या शब्दावरून आला, आणि त्याचा अर्थच मुळी ठिगळे लावलेले वस्त्र असा आहे. बिहारात सुजनी, सिंध व राजस्थानात रल्ली, आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी स्त्रियांची कवंदी. या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचे त्रिकोणी फूल लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

याहून आश्चर्याची हकीकत इंग्लंडची आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून जाणाऱ्या छापील सुती कापडाने, म्हणजे आपल्या चिटाने, तेथील लोकांना वेड लावले होते. तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांचा धंदा बुडू लागला, तेव्हा १७०१ पासून अशा कापडाच्या आयातीस व १७२१ च्या कायद्याने ते वापरण्यासही मनाई करण्यात आली. फ्रान्समध्ये तर १६८६ ते १७५९ अशी सुमारे ७३ वर्षे ही बंदी होती. दुर्मिळ झालेल्या या चिटाचा लहानसा तुकडाही मग लोकांना सोन्यासारखा वाटू लागला. इंग्लंडच्या उत्तर भागातील लेव्हन्स हॉल नावाच्या जुन्या वाड्यात हिंदी चिटाचे तुकडे जोडून केलेली एक गोधडी आहे. ती सुमारे १७०८ सालची मानली जाते आणि त्या देशातील तुकडेजोड कामाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. आपल्याकडे गरिबीने चिंध्या जोडावयास लावल्या; तेथे कायद्याने!

आता आपल्या काळाकडे वळू. १९४१ मध्ये इंग्लंडात पॉलिएस्टर नावाच्या कृत्रिम धाग्याचा शोध लागला. पुढे त्याच्या साड्या स्वस्त झाल्या, त्या चुरगळत नाहीत, लवकर वाळतात आणि लवकर फाटतही नाहीत. त्यामुळे आता घरोघर जी वस्त्रे जुनी होतात ती बहुतांशी कृत्रिम धाग्याची असतात. त्यांचीही गोधडी शिवता येते व लोक शिवतातही; परंतु ती घाम शोषीत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि ठिणगी पडली तर कापड वितळून अंगाला चिकटते. वापरून मऊ झालेले सुती लुगडे आता आजीच्या पेटीतच तेवढे शिल्लक राहिले आहे.

येथूनच एक अवघड प्रश्न सुरू होतो. आजीच्या पेटीत साठ-सत्तर वर्षांचे एखादे लुगडे आहे. ते धड आहे, काठ सुरेख आहे. शहरात राहणारी नात म्हणते, “आजी, याची मला गोधडी करून दे, तुझी आठवण म्हणून जवळ ठेवीन.” तिचे प्रेम खरे असते. परंतु जुन्या आजीबाई अशा वेळी बहुधा म्हणतील, “धड आहे तवर नेसावं, इरलं का मंग वाकयीत घालावं.” या उत्तरात केवळ काटकसर नाही. अखंड लुगडे म्हणजे विणकराने पदरापासून काठापर्यंत जसे योजले तसे पूर्ण वस्त्र. त्यावर एकदा कात्री चालली, की पदर कसा होता, रंगांची मांडणी कशी होती, लांबी किती होती, हे सांगणारे साधन कायमचे जाते. तसे लुगडे विणणारे हात आज नसले, तर ते पुन्हा मिळणेच नाही. जुन्या कापडांचा अभ्यास करणारे लोकही हाच भेद करतात. फाटलेले, विरलेले, डागाळलेले जुने कापड खुशाल गोधडीत घालावे. अखंड व दुर्मिळ वस्त्र कापू नये. मला विचाराल तर नातीची मागणी आणि आजीचे म्हणणे या दोहोंत आजीचे म्हणणे अधिक विचाराचे आहे.

मग नातीने काय करावे? यावर एक मार्ग आहे, तो म्हणजे जुन्या धर्तीचे नवे कापड. जुन्या नमुन्याची नक्षी, तसेच सूत, शक्य तर तसाच रंग घेऊन नवीन कापड करावयाचे आणि त्याची गोधडी शिवावयाची. अमेरिकेत गोधड्यांचा छंद असलेले हजारो लोक असे कापड वापरतात. तेथील नेब्रास्का राज्यात लिंकन या शहरी गोधड्यांच्या अभ्यासासाठी १९९७ मध्ये एक संस्था स्थापन झाली आणि आज तेथे देशोदेशींच्या गोधड्यांचे मोठे संग्रहालय आहे. जुन्या गोधड्यांतील नक्षी पाहून कारखाने तशीच चिटे पुन्हा छापतात. मूळ गोधडी काचेआड सुरक्षित राहते आणि तिची नक्षी पुन्हा लोकांच्या अंथरुणावर येते.

आपल्या विदर्भात तर यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. वर्धा येथे मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते १९३८ साली झाले. तेथे जुने चरखे व ग्रामोद्योगाची साधने जपून ठेवली आहेत. शिवाय सेंद्रिय कापसाच्या खादीला झाडपाल्याचे व मुळांचे रंग देण्याचे कामही तेथे चालते. नागपूर आणि भंडारा या भागांतील विणकर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली करवतकाठी साडी अजून हातमागावर विणतात. राहता राहिला कापूस. वऱ्हाडात पूर्वी आखूड धाग्याचा देशी कापूस होत असे. गिरण्यांना लांब धागा हवा असल्यामुळे तो मागे पडला आणि २००२ नंतर बीटी कापसाने जवळजवळ सर्व शेते व्यापली. तरीही १९६९ मध्ये अकोल्यास स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे सुधारलेले वाण काढले आहेत. त्याचे सूत भरड निघते. तलम साडीला ते चालणार नाही. वाकळेला मात्र तेच हवे.

असे नवे कापड वापरताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली कारागिरीची. कोरे सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटते. ते तसेच जुन्या विरलेल्या कापडाला जोडले, तर आटताना जुन्याला ओढून फाडते. म्हणून नवे कापड आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच शिवावे. रंग सुटतो की नाही, हे पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून पाहावे.

दुसरी गोष्ट सचोटीची. काही लोक नवे कापड चहाच्या पाण्यात बुडवून त्याला पिवळट जुनेपणा आणतात. शोभेसाठी कोणी असे करील तर हरकत नाही. पण ती गोधडी शंभर वर्षांची म्हणून विकली, तर विकत घेणारा फसतो. इतकेच नव्हे, तर पुढे तिच्यावरून इतिहास लिहू पाहणाराही फसतो. आपण वर खारव्यावरून, चिटावरून आणि खादीवरून जे अनुमान केले, ते सर्व कापड खरे आहे या विश्वासावर उभे होते. म्हणून जुन्या नमुन्याची नवी गोधडी करणारे चांगले कारागीर तिच्या मागच्या कोपऱ्यात एक लहान पांढरा तुकडा लावतात आणि त्यावर सुईनेच आपले नाव, गाव व साल भरतात.

आपल्या घरी जुनी वाकळ असेल, तर आता ती काढून पाहावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवलेली असेल, तर प्रथम बाहेर काढावी, कारण ओल कोंडली, की सुताला बुरशी येते. सावलीत वारा द्यावा. तासन्‌तास कडक उन्हात टाकू नये, रंग उडतात. पुन्हा ठेवताना घडी पहिल्या घडीच्या रेषेवर न घालता थोडी सरकवून घालावी, नाहीतर कापड त्याच रेषेवर तुटते. धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळावी व सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा. परंतु घडी घालण्यापूर्वी घरातील सर्वांत वडील स्त्रीजवळ बसावे आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारावे, हा कोणाच्या लुगड्याचा, तो कोणाच्या सदऱ्याचा, ही चीट कोणत्या बाजारातून आणली होती. ती जे सांगेल ते वहीत लिहून घ्यावे आणि वहीचे ते पान घडीत घालून ठेवावे. पुष्कळ तुकड्यांची नावे तिला चटकन आठवतील. काहींपाशी ती थांबेल, कापड बोटांत धरून चोळून पाहील, आणि मग सांगेल.